वय वाढणारी पात्रे, न वाढणारी पात्रे

कथा-कादंबऱ्यांतील पात्रांवर आपल्याकडे पुष्कळ लिहिले गेले आहे. वर्तमानपत्रांतील चित्रकथा आणि दूरदर्शनवरील मालिका यांच्या वाट्याला मात्र असे भाग्य सहसा येत नाही. विद्वानांची बैठक बसली की त्यांची नावे कोणी काढीत नाही. पण तेच विद्वान घरी जाऊन जेवायला बसले की समोर मालिका चालू असते आणि सकाळी अग्रलेखाआधी त्यांची नजर चित्रकथेच्या चौकटीकडे जाते. मी विद्वान नाही, त्यामुळे मला ही आवड लपवावी लागत नाही. चित्रकथा आणि मालिका यांचा मी गेली पन्नासएक वर्षे चाहता आहे, आणि चाहत्याला मते असतातच. त्यांतले एक मत दिवाळीच्या निमित्ताने, थोड्या इतिहासाचा आधार देऊन, वाचकांपुढे ठेवावे असे मनात आहे.

कादंबरी कितीही मोठी असली तरी आठ-पंधरा दिवसांत वाचून संपते. तिच्यातील माणसांचा आणि आपला सहवास तेवढाच. रोजच्या चित्रकथेतली किंवा मालिकेतली माणसे आपल्याकडे वीस-वीस, चाळीस-चाळीस वर्षे येत राहतात. त्यांची पहिली ओळख झाली तेव्हा आपण शाळेत असतो, आणि ती अजून येतच असतात तेव्हा आपली नातवंडे शाळेत जाऊ लागलेली असतात. एवढ्या काळात आपले केस पिकतात, दात पडतात, घरातली चार माणसे जातात. मग प्रश्न असा उभा राहतो, की त्या पात्रांचे काय? त्यांनी आपल्याबरोबर म्हातारे व्हावे की नाही? पात्राचा ‘विकास’ म्हणून जो म्हणतात, त्याचे सारे मर्म मला या एका साध्या प्रश्नात दिसते.

प्रश्न तसा जुनाच आहे. १८९० साली हरिभाऊ आपट्यांनी ‘करमणूक’ काढले आणि त्यातून ‘पण लक्षात कोण घेतो?’ क्रमशः येऊ लागली. मराठी वाचकांनी त्या अंकांतून यमूला लहानाची मोठी होताना पाहिले, सासरी जाताना पाहिले आणि विधवा झालेलीही पाहिले. तिच्या नशिबातली एकही गोष्ट हरिभाऊंनी मागे घेतली नाही. त्याच सुमारास विलायतेत नेमके उलट घडत होते. १८९३ च्या डिसेंबरात कॉनन डॉयलने ‘स्ट्रँड’ मासिकात शेरलॉक होम्सला कड्यावरून धबधब्यात लोटले. वाचक खवळले. डॉयलने आठ वर्षे दम धरला. मग १९०१ साली होम्सची एक ‘पूर्वीची’ हकीकत सांगितली आणि १९०३ साली तो मेलाच नव्हता असे जाहीर करून टाकले. क्रमशः कथेचे हे दोन रस्ते तेव्हापासूनच फुटले आहेत. एका रस्त्यावर काळ जातो तो परत येत नाही. दुसऱ्यावर वाचकांनी आरडाओरडा केला तर तो मागेही फिरतो.

* * *

चित्रकथेला काळ थांबवणे फार सोपे. कागदावरच्या माणसाला सुरकुत्या पडत नाहीत. चित्रकाराने काढल्या तरच पडायच्या. शिवाय धंद्याच्या दृष्टीने ते सोयीचेही असते. एकच चित्रकथा शेकडो वर्तमानपत्रांना पुरवायची, तर कुठल्याही गावच्या कुठल्याही वाचकाने कुठल्याही दिवशी ती उघडावी आणि त्याला ती समजावी. कालचे आठवावे लागू नये. नायक कायमचा तरुण आणि मूल कायमचे मूल ठेवले की काम भागते. आपल्या पुण्याच्या ‘सकाळ’मध्ये १९९१ साली चारुहास पंडित आणि प्रभाकर वाडेकर यांचा ‘चिंटू’ सुरू झाला. त्याच्याबरोबर शाळेत जाणारी मुले पुढे नोकरीला लागली, त्यांची लग्ने झाली. चिंटू आपला पप्पू, मिनी आणि बगळ्या यांच्या संगतीत तसाच.

अशा न वाढणाऱ्या मुलांचा मुकुटमणी म्हणजे चार्ल्स शुल्झचा चार्ली ब्राउन. ‘पीनट्स’ ही चित्रकथा २ ऑक्टोबर १९५० रोजी सुरू झाली आणि १३ फेब्रुवारी २००० रोजी संपली. पन्नास वर्षे शुल्झने ती एकट्याने काढली. सतरा हजारांहून अधिक दिवसांची चित्रे, आणि मदतनिसाचा हात नाही. तिच्यात एक मोठी गंमत आहे. श्रोडर, ल्यूसी, लायनस ही मुले चित्रकथेत आली तेव्हा अगदी तान्ही किंवा दुडदुडणारी होती. चार्लीची धाकटी बहीण सॅली तर १९५९ साली चित्रकथेतच जन्मली. ही सारी मंडळी भराभर वाढली, चार्लीच्या जवळपास येऊन पोचली, आणि तिथे थांबली. जणू त्या गल्लीत वयाला एक उंबरठा होता आणि तो ओलांडायची कोणाला परवानगी नव्हती. दर शरद ऋतूत ल्यूसी चेंडू धरते, चार्ली धावत येतो, ती चेंडू काढून घेते आणि तो उताणा पडतो. पुढल्या वर्षी पुन्हा तेच.

पात्रांनी बदलले पाहिजे, असा आग्रह धरणारे लोक इथे नाक मुरडतील. मी मुरडत नाही. चार्ली ब्राउन वाढत नाही हे खरे, पण तो खोल होत जातो. विहीर रुंद झाली नाही तरी खणत गेले की पाणी लागतेच. दहा वर्षांच्या मुलाला तो पडला की हसू येते. चाळिशीच्या माणसाला, हा पुन्हा का धावला असेल ते कळते. बदल आपल्यात होतो, आणि तो मोजायला चार्ली जागच्या जागी उभा लागतो. शुल्झने आणखी एक गोष्ट केली, तिला मी प्रामाणिकपणा म्हणतो. आपल्यामागे दुसऱ्या कोणी ही चित्रकथा काढू नये, अशी त्याची इच्छा होती. शेवटचे रविवारचे चित्र छापले गेले त्याच्या आदल्या रात्री तो वारला. मुले वाढली नाहीत, पण त्यांची गोष्ट संपली.

आता दुसऱ्या टोकाला जाऊ. ‘शिकागो ट्रिब्यून’मध्ये १९१८ च्या नोव्हेंबरात फ्रँक किंग नावाच्या चित्रकाराने ‘गॅसोलिन ॲली’ सुरू केली. नव्याने आलेल्या मोटारगाड्यांची खटपट करणारे चार पुरुष गल्लीत जमायचे आणि गप्पा मारायचे, इतकाच तिचा जीव. बायकांनाही तिची गोडी लागावी म्हणून एखादे मूल आणा, असे संपादकांचे म्हणणे पडले. पण नायक वॉल्ट तर ब्रह्मचारी! मग १४ फेब्रुवारी १९२१ रोजी वॉल्टच्या दारात कोणी तरी एक तान्हे बाळ ठेवून गेले. त्याचे नाव पडले स्कीझिक्स. आई नसलेल्या वासराला तिकडचे गुराखी असे म्हणत.

इथवर सारे ठरावीकच होते. पण किंगने एक साधी गोष्ट केली, आणि तशी ती पूर्वी कोणी इतक्या निष्ठेने केली नव्हती. त्याने बाळाला रोज एका दिवसाने वाढू दिले. बाळ रांगले, चालले, शाळेत गेले. वॉल्टने १९२६ साली लग्न केले. रविवारच्या मोठ्या रंगीत पानावर वॉल्ट आणि त्याचा हा मानसपुत्र शरद ऋतूतल्या पानगळीतून हिंडत. त्या पानांत घडत काहीच नसे, पण मागच्या वर्षीपेक्षा पोराचे डोके बापाच्या कमरेवर थोडे वर आलेले असे. किंगला स्वतःला लहान मुलगा होता. त्याच्याबरोबरच्या भटकंतीतले पुष्कळ काही त्या पानांत उतरले. १९४२ साली स्कीझिक्स एकवीस वर्षांचा झाला. त्या साली अमेरिकेतल्या एकवीस वर्षांच्या मुलांचे जे होत होते तेच त्याचे झाले: तो सैन्यात गेला. ज्या घरांनी त्याला तान्हा पाहिला होता, त्यांपैकी कित्येक घरांतला त्याच वयाचा मुलगा तेव्हा युद्धावर गेलेला असणार. अशा घरात सकाळी वर्तमानपत्र उघडताना आईला काय वाटत असेल, याची कल्पना करून पाहावी. १९४४ साली स्कीझिक्सचे लग्न झाले. पुढे तो प्रौढ झाला, आजोबा झाला.

या प्रयोगाचा शेवट मात्र माणसाच्या मनाचा थांग सांगणारा आहे. किंग १९६९ साली वारला. चित्रकथा दुसऱ्यांच्या हाती जाऊन चालू राहिली. वॉल्टची बायको फिलिस २००४ साली चित्रकथेत वारली. पण वॉल्टला मारायचा धीर कोणाला झाला नाही. हिशेब केला तर त्याची शंभरी केव्हाच उलटून गेली, तरी म्हातारा आहे. काळाला अडवायचे नाही हे व्रत घेतलेल्या चित्रकथेचेही हात शेवटी थरथरलेच. मला त्याचा राग येत नाही. घरातल्या म्हाताऱ्याच्या बाबतीत आपण सारे असेच वागतो.

या दोन टोकांच्या मध्ये आपला वेताळ उभा आहे. ली फॉकने तो १७ फेब्रुवारी १९३६ रोजी जन्माला घातला. आम्हाला तो भेटला इंद्रजाल कॉमिक्समधून. टाइम्स ऑफ इंडियाच्या मंडळींनी १९६४ च्या मार्चमध्ये ती मालिका सुरू केली, आणि पहिल्या बत्तीस अंकांत दुसरा कोणी नव्हता, वेताळच होता. कवटीच्या आकाराची गुहा, पांढरा घोडा, सोबतीचा लांडगा आणि जबड्यावर उमटणारी अंगठीची खूण यांवर आमच्या पिढीची उन्हाळ्याची सुट्टी पोसली गेली. अंक एकाच्या घरी येई आणि वाड्यातली दहा पोरे तो वाचत.

फॉकने वयाचा प्रश्न फार हुशारीने सोडवला. जंगलातले लोक समजतात की वेताळ चारशे वर्षे जिवंत आहे, अमर आहे. वाचकाला ठाऊक असते की हा एकविसावा वेताळ. पहिल्याने १५३६ साली शपथ घेतली आणि बापामागून मुलगा असा तो बुरखा चालत आला. म्हणजे बुरखा अमर, आणि आतला माणूस मर्त्य. गुहेत वीस थडगी आहेत आणि एकविसावी जागा मोकळी आहे. सुपरमॅनसारख्या अजिंक्य वीरांजवळ हे नाही. सुपरमॅनची प्रत्येक गोष्ट नव्याने सुरू होते, मागच्या गोष्टीने त्याचे काही खर्च होत नाही, असे उंबेर्तो एकोने १९६२ साली दाखवून दिले होते. वेताळाचे तसे नाही. त्याला मुलगा झाला नाही तर सारी परंपरा बुडेल. म्हणून त्याने लग्न केलेच पाहिजे. आणि तरीही बिचाऱ्या डायनाला पहिल्या गोष्टीपासून १९७७ च्या डिसेंबरापर्यंत, म्हणजे एकेचाळीस वर्षे, थांबावे लागले! पुढे त्यांना जुळे झाले, किट आणि हेलॉइज.

लग्नानंतर वेताळ बिघडला असे म्हणणारे माझे मित्र आहेत. संसारी वीर कसला, असे त्यांचे म्हणणे. माझे मत उलट आहे. एकटा वेताळ गोळीपुढे छाती काढून उभा राही तेव्हा आम्ही टाळ्या वाजवत असू. गुहेत दोन लेकरे झोपलेली असताना तो उभा राहतो तेव्हा टाळीला उचललेला हात जरा थबकतो. गमावण्यासारखे काही असले की धैर्याला वजन येते.

* * *

चित्रकाराला काळ थांबवता येतो. दूरदर्शनला ते जमत नाही, कारण तिथे खरा चेहरा असतो. इंग्लंडमध्ये ‘कॉरोनेशन स्ट्रीट’ ही मालिका ९ डिसेंबर १९६० रोजी सुरू झाली. पहिल्याच भागात केन बार्लो नावाचा एक कॉलेजातला पोरगा होता, शिकलेला आणि घरच्या साध्या राहणीची किंचित लाज वाटणारा. विल्यम रोशने ते काम केले आणि ते करतच राहिला. त्याच भूमिकेत त्याने पन्नास वर्षे पुरी केली तेव्हा २०१० साली जागतिक विक्रमांच्या पुस्तकात त्याची नोंद झाली. त्या पोराचा म्हातारा झालेला प्रेक्षकांनी पाहिला, आणि पाहता पाहता तेही म्हातारे झाले.

चेहरा खरा असला की मृत्यूही खरा असतो. अमेरिकेतील मुलांच्या ‘सेसमी स्ट्रीट’ या कार्यक्रमात हूपर नावाचे एक दुकानदार आजोबा होते. ती भूमिका करणारे विल ली १९८२ च्या डिसेंबरात वारले. दुसरा नट आणता आला असता, आजोबा दूर गावी राहायला गेले असे सांगता आले असते. कार्यक्रमाच्या मंडळींनी तसे केले नाही. २४ नोव्हेंबर १९८३ रोजी त्यांनी मुलांना खरे सांगितले. त्या भागात बिग बर्ड हा भला मोठा पिवळा पक्षी, जो मनाने सहा वर्षांचे पोर आहे, सर्वांची चित्रे काढून वाटतो. एक चित्र उरते, हूपर आजोबांचे. ते परत आले की देईन, असे तो म्हणतो. मोठी माणसे एकमेकांकडे पाहतात आणि त्याला समजावतात, की मेलेले माणूस परत येत नाही. असे का, याला कोणाजवळ उत्तर नसते, आणि ते असल्याचा आवही कोणी आणत नाही. आजवर पाहिलेल्या साऱ्या मालिकांत पात्राचा खरा विकास कुठला असे मला विचारले, तर मी या पिवळ्या पक्ष्याकडे बोट दाखवीन. त्या एका भागात तो सहा वर्षांचाच राहतो, पण पूर्वीचा राहत नाही.

आपल्याकडे मालिकांचे युग खरे सुरू झाले ते ७ जुलै १९८४ रोजी, ‘हम लोग’ने. त्यापूर्वी सत्तरच्या दशकात मुंबई दूरदर्शनने चिं. वि. जोशींचे चिमणराव आणि गुंड्याभाऊ घरोघर पोचवले होते. दिलीप प्रभावळकर आणि बाळ कर्वे यांच्या चेहऱ्यांवाचून ती दोन नावे आता डोळ्यांपुढे येत नाहीत. पण ‘हम लोग’चा मूळ हेतू वेगळा होता. मेक्सिकोत मिगेल साबिदो यांनी साक्षरता आणि कुटुंबनियोजन यांचा प्रसार कौटुंबिक मालिकांतून केला होता. त्या वेळचे नभोवाणीमंत्री, आपले वसंतराव साठे, मेक्सिकोला गेले असता त्यांना ते दिसले आणि तसे काही इथे व्हावे असे त्यांनी घेतले. मनोहर श्याम जोशींनी ते लिहिले. पहिले काही भाग उपदेशाने इतके भरलेले होते की लोक कंटाळले. मग उपदेश पातळ केला आणि माणसे दाट केली. तेव्हा कुठे ती मालिका सतरा महिने, दीडशेहून अधिक भाग चालली. प्रत्येक भागाच्या शेवटी अशोककुमार येऊन दोन शब्द बोलत. त्यांना चार लाखांवर पत्रे आली.

त्या घरातली आई भागवंती. नवरा बसेसर राम दारुडा, सासू फटकळ, पोरे आपापल्या वाटेने जाणारी. ही सारे सोसते. मालिका करणाऱ्यांचा हेतू असा, की हिचे हाल पाहून बायकांनी शहाणे व्हावे. पुढे अरविंद सिंघल आणि एव्हरेट रॉजर्स या अभ्यासकांनी प्रेक्षकांना विचारले तेव्हा निघाले भलतेच: पुष्कळ बायकांना भागवंती आदर्श वाटत होती. मला त्याचे नवल वाटले नाही, कारण आमच्या घरी तो अभ्यास दर भागाला होत असे. संच शेजारच्यांचा, त्यामुळे भांडण घरी आल्यावर. आईचे म्हणणे, “बाईने घर धरून ठेवले, म्हणून ते उभे आहे.” ताई तेव्हा नुकतीच नोकरीला लागली होती. ती म्हणे, “आई, ती घर धरून नाही बसली, घराने तिला धरून ठेवलंय.” मग आई काही वेळ बोलत नसे. त्यांच्या त्या भांडणात भागवंती किती होती आणि आमचे घर किती होते, हे मला आजही सांगता येणार नाही. पण स्वतःविषयी जे बोलता आले नसते ते एका पात्राचे नाव घेऊन मायलेकी बोलल्या. एवढे काम करणाऱ्या मालिकेला मी थिल्लर म्हणणार नाही.

जोशींनीच पुढे, १९८६ साली, ‘बुनियाद’ लिहिली. फाळणीच्या अलीकडचे आणि पलीकडचे एक घराणे; हवेलीराम आणि लाजोजी यांना आपण तरुणपणी पाहतो आणि पिकल्या केसांचे होईपर्यंत पाहतो. तिशीच्या आतबाहेरचे नट, वय रंगभूषेने आणलेले. तरी ते खोटे वाटत नसे. कारण लाहोर सुटले ते सुटलेच, हे ती मालिका एक क्षणही विसरत नाही.

त्यानंतरचा काळ वाचकांना ठाऊक आहे. २००० साली ‘क्योंकि सास भी कभी बहू थी’ आली. तिच्यातला मिहिर मेला, प्रेक्षकांनी आकांत केला आणि मिहिर परत आला. होम्सला परत यायला दहा वर्षे लागली होती. इथे तितकी वाट पाहावी लागली नाही. तेव्हापासून मालिकांत मरण हे आजारपणासारखे झाले आहे, बहुधा बरे होणारे. ‘लीप’ नावाची सोयही याच काळात रूढ झाली. सोमवारी मांडीवर असलेले मूल मंगळवारी लग्नाला येते, आणि आजीच्या कानशिलावर दोन रुपेरी बटा तेवढ्या वाढतात. वर्षे वीस उलटतात, पण वय कोणाचेच वाढत नाही. कारण वाढते ते मधल्या दिवसांत, आणि तेच नेमके गाळलेले असतात. स्कीझिक्सच्या बापाबरोबरच्या त्या निरुद्योगी रविवारांची किंमत इथे कळते.

तर माझे मत थोडक्यात असे. पात्राने बदललेच पाहिजे असा नियम नाही. चिंटूने खुशाल लहान राहावे, चार्लीने पुन्हा पुन्हा पडावे. पण जी गोष्ट आपण माणसांची आहे म्हणून सांगते, तिच्यात एक तरी गोष्ट अशी घडावी की जी मागे घेता येत नाही. दुष्ट सासू अचानक प्रेमळ झाली याला विकास म्हणत नाहीत. प्रेमळ होऊनही तिचे जुने बोलणे सून विसरू शकत नाही, आणि हे सासूला कळते, तिथे विकास सुरू होतो.

आणि यात दोष लेखकांचा थोडा आणि आपला फार आहे. मेलेल्याला परत आणा अशी पत्रे धाडतो ते आपणच. आवडते माणूस जाऊ नये असे वाटणे स्वाभाविक आहे; वॉल्टला जगवणाऱ्यांनाही तेच वाटले. पण मालिकेने ती इच्छा पुरवली की पुढच्या वेळी तिच्यातले कोणी गेले तरी आपल्या डोळ्यांना पाणी येत नाही. हा सौदा आपल्याला महागात पडतो.

यंदा फराळाला मंडळी जमतील तेव्हा कुठल्या ना कुठल्या घरी कुठल्या ना कुठल्या मालिकेवरून वाद निघेलच. तो मोडू नये. थोरल्यांना धाकट्यांच्या पात्रांची नावे विचारावीत, धाकट्यांनी थोरल्यांना वेताळाच्या गुहेची वाट विचारावी. त्या नावांच्या आडून घरातले कोणी तरी काही सांगत असते, आणि ते ऐकायला दिवाळीइतका चांगला मुहूर्त वर्षात दुसरा नाही.